गोळी तुटता कामा नये

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी वाडीत उतरतात. बॅगेत मुलांचे कपडे असतात, खाऊ असतो आणि बऱ्याच घरांत आणखी एक वस्तू येते: म्हाताऱ्या आईवडिलांच्या बीपीच्या गोळ्या. दोन महिन्यांच्या, फार तर तीन. भाताची लावणी आटोपते त्या सुमारास गोळ्याही संपतात. मग मुंबईहून पुन्हा कोणी येईपर्यंत गोळी बंद. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "माका काय एक होना नाय, मगे गोळी कित्याक खावची?"

आमच्या वाडीतल्या एका काकांचे असेच झाले. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण असे काका देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक बौद्धवाडीत आहेत. साठीच्या आतले. उमेदीचा काळ चिरेखाणीवर गेला. मुलाने मुंबईला नेऊन तपासले तेव्हा वरचा आकडा १८० निघाला आणि गोळी सुरू झाली. आणलेल्या गोळ्या संपल्यावर काका एकदा सरकारी दवाखान्यात गेले. साठा संपलाय, पुढच्या आठवड्यात या, असे सांगण्यात आले. एका फेरीला एका दिवसाची मजुरी जाते. काका पुन्हा गेले नाहीत. पुढचे पाच महिने त्यांना काहीच त्रास झाला नाही. मग एका सकाळी हातातली कळशी सुटली, तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. घरच्यांना वाटले थंडी भरली. शेजारचे कोणी अंगारा लावा म्हणाले. ओरोसला जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंत दुपार टळली होती. काका वाचले, पण उजवा हात कायमचा गेला. काकींनी काजूच्या कारखान्यातले काम सोडले, कारण काकांना उठवायला-बसवायला माणूस लागतो. मुलीचे कॉलेज थांबले.

त्या पाच महिन्यांत आम्ही रोज काकांना भेटत होतो. पाऊस, भात, निवडणूक, सगळ्यावर बोललो. गोळी चालू आहे ना, एवढे मात्र आमच्यापैकी कोणीही विचारले नाही. हा लेख त्या चुकीतून लिहीत आहोत.

दुखत नाही, म्हणूनच धोका

हृदय रक्त ढकलते तेव्हा रक्तवाहिनीच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते, तेव्हाचा दाब हा खालचा आकडा. मोठ्या माणसाचा दाब १२०/८०च्या आत असावा. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दोन्हींपैकी एक जरी वाढलेला असेल तरी तो आजारच. मधला आकडा असेल तर घाबरायचे नाही, पण मोजणे सोडायचेही नाही.

पंपाचा दाब वाढला की पाण्याचा पाइप लगेच फुटत नाही. सांधे हळूहळू ढिले होतात आणि एक दिवस पाइप फुटतो. शरीरातही तसेच होते. वाढलेला दाब वर्षानुवर्षे मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि डोळ्यांच्या बारीक वाहिन्या खराब करत राहतो. चाळिशी ते सत्तरीच्या वयात वरचा आकडा वीसने वाढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. एवढे आत चाललेले असताना बहुतेकांना ना डोके दुखते ना चक्कर येते. म्हणून "मला कळते माझा बीपी वाढला की" या समजुतीवर कोणीही विसंबू नये. तो यंत्राने मोजल्याशिवाय कळत नाही.

हा आजार घरापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये देशोदेशींची आकडेवारी मांडली. तिच्याप्रमाणे भारतात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यातल्या दर शंभरांपैकी ३७ जणांचेच निदान झालेले आहे, ३० जण औषध घेतात आणि फक्त १५ जणांचा दाब ताब्यात आहे. म्हणजे ८५ जण काकांच्याच वाटेवर आहेत. त्याच संघटनेचा अंदाज असाही आहे की निम्म्या रुग्णांचा दाब जरी ताब्यात आला, तरी २०४०पर्यंत आपल्या देशातले ४६ लाख मृत्यू टळतील. यासाठी नवा शोध लागायची गरज नाही. मोजायचे यंत्र गावात आहे, औषध जुने आणि स्वस्त आहे. अडचण आहे ती माणूस आणि गोळी यांची रोज गाठ पडण्याची.

हे काम आपल्याच जिल्ह्यात सुरू झाले होते

आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे की ही गाठ कशी घालून द्यायची याचा देशातला एक मोठा प्रयोग सिंधुदुर्गात झाला. केंद्र सरकार, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारे यांनी मिळून २०१७च्या अखेरीस भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम हाती घेतला. सुरुवातीला पाच राज्यांतले पंचवीस-सव्वीस जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून सातारा, भंडारा, वर्धा आणि आपला सिंधुदुर्ग.

उपक्रमात काही जगावेगळे नव्हते. सगळ्या सरकारी दवाखान्यांत उपचाराची एकच सोपी पद्धत ठेवली: कोणत्या गोळीने सुरुवात करायची, महिन्याने दाब उतरला नाही तर पुढची पायरी कोणती, हे आधीच ठरवलेले. गोळ्यांचा साठा तुटू नये म्हणून मागणीचा हिशेब नीट ठेवला. रुग्णाला एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या द्यायच्या. दाब मोजणे आणि पाठपुरावा करणे ही कामे डॉक्टरांवरच न टाकता परिचारिका व आरोग्य कर्मचाऱ्यांनीही करायची. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची आणि जो आला नाही त्याला शोधायचे.

परिणाम दिसला. नोंद झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचा दाब ताब्यात आला. देशाची सरासरी शंभरात १५ आहे हे लक्षात घेतले म्हणजे याचे मोल कळते. आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्या रुग्णालयांपेक्षा घराजवळच्या छोट्या केंद्रांतून उपचार घेणाऱ्यांचा दाब जास्त प्रमाणात ताब्यात राहिला. २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यासपीठावर या उपक्रमाला पुरस्कार मिळाला.

मग आमचे काका कसे सुटले? आमचे मत स्पष्ट आहे. कागदावरची योजना वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचायला दोन बाजूंनी माणसे लागतात. यंत्रणेने गोळी तुटू द्यायची नाही आणि वस्तीने माणूस सुटू द्यायचा नाही. यातली एक बाजू जरी ढिली पडली तरी माणूस पडतो. काकांच्या वेळी दोन्ही ढिल्या होत्या.

गोळी का तुटते

"लोक अडाणी आहेत, सांगून ऐकत नाहीत," असे अधूनमधून ऐकू येते. आम्हाला हे मान्य नाही. गोळी तुटण्याची कारणे आम्ही वस्तीत बसून विचारली, ती अशी निघाली.

पहिले कारण मजुरी. चिरेखाण असो, आंब्याची बाग असो की काजूचा कारखाना, रजा म्हणजे खाडा. दवाखान्याची वेळ सकाळची आणि कामाचीही सकाळची. मार्च ते मे तर कोणाला मान वर करायला सवड नसते. दुसरे कारण अंतर. वाडी एका टोकाला, केंद्र दुसऱ्या टोकाला आणि एसटी दिवसातून मोजक्या वेळा. तिसरे कारण, फेरी फुकट जाणे. एकदा साठा नाही म्हणून परत पाठवलेला माणूस दुसऱ्यांदा जायला दहा वेळा विचार करतो.

चौथे कारण आपल्या समजुतींचे. "एकदा गोळी लागली की सवय लागते" हे वाक्य घराघरांत आहे. सवय दारूची लागते, मशेरीची लागते. बीपीची गोळी तशी नाही. तिचा परिणाम साधारण दिवसभर टिकतो, म्हणून ती रोज लागते. मोजल्यावर आकडा १३० आला, तर तो गोळीमुळे आला आहे. "आता बरा झालो" म्हणून गोळी थांबवली की दाब पुन्हा चढतो, आणि चढताना सांगत नाही.

पाचवे कारण त्रासाचे. अम्लोडिपिन या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते. पाय सुजले की गोळी गुपचूप बंद होते. तसे न करता डॉक्टरांना किंवा आरोग्यसेविकेला सांगावे. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. ज्या तरुण स्त्रीला बीपीची गोळी चालू आहे आणि मूल हवे आहे, तिने हे आधी सांगणे फार गरजेचे आहे. टेल्मिसार्टनसारख्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या बदलून द्याव्या लागतात. गरोदरपणात ज्यांचा बीपी वाढला होता त्या बाळंतपणानंतर सुटल्या असे नाही. पुढील आयुष्यात त्यांना हा आजार होण्याची शक्यता जास्त असते. त्यांनी दर वर्षी मोजावे.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. दिवसभर चिरे उचलून कंबर मोडते, मग संध्याकाळी मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेतली जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या रोज घेतल्या तर दाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. बीपी असलेल्याने त्या मनाने घेऊ नयेत.

मीठ, सुकी मासळी आणि पेज

आरोग्यावरच्या बहुतेक लेखांत सगळा दोष ताटावर टाकून विषय संपवतात. मीठ कमी करा, ताण घेऊ नका, चाला. ज्याचा दिवस डोक्यावर ओझे घेऊन चढ चढण्यात जातो त्याला चालायला सांगणे ही थट्टा आहे. तरीही मिठाचा मुद्दा खरा आहे आणि तो आपल्या किनारपट्टीला जास्त लागू पडतो.

दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, आणि त्यात सगळे आले. आपल्याकडे पावसाळ्यात ताजी मासळी नसते तेव्हा खारवलेला बांगडा, सुके बोंबील, सुकट यांवर घर चालते. पेजेसोबत लोणचे, खारातली कैरी, सांडगी मिरची, पापड. सोलकढीच्या आगळातही मीठ असते. यातले काहीच टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या पेजेतला चवीचा घास काढून घेणारे आम्ही कोण? पण एवढे जमते: खारी मासळी दोन पाण्यांतून धुऊन भिजवावी आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नये. ज्या दिवशी खारी मासळी त्या दिवशी लोणचे नको. ताटात मिठाची चिमूट वाढायची पद्धत बंद करावी. ताजी मासळी, कुळीथ, रानातल्या पालेभाज्या, केळी खुशाल खाव्यात. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दारू दाब वाढवते. विडी आणि तंबाखू रक्तवाहिन्या खराब करतात, आणि मशेरी लावताच काही वेळ दाब चढतो. हे आपल्याला माहीत आहे; सोडवणे कठीण आहे, पण सुटते.

मात्र ज्याची गोळी सुरू झाली आहे त्याने मीठ कमी केले, लसूण खाल्ली, व्हॉट्सअ‍ॅपवरचा काढा प्यायला म्हणून गोळी सोडू नये. पथ्य गोळीच्या सोबतीला असते, तिच्या जागी नाही.

आमचे म्हणणे

यंत्रणेकडे आपण भीक मागत नाही. करार झालेलीच गोष्ट मागतो आहोत. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी करायची हे सरकारचेच धोरण आहे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरला पैसे लागत नाहीत. तेव्हा ग्रामसभेत आपल्या वाडीने तीन गोष्टी लेखी मांडाव्यात. एक, बीपीच्या गोळ्या उपकेंद्रातच मिळाव्यात आणि एका वेळी पूर्ण ३० दिवसांच्या मिळाव्यात. दोन, आंब्याच्या आणि काजूच्या हंगामात आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळी केंद्र उघडे असावे किंवा पथक वाडीत यावे. तीन, साठा संपला तर तो कधी येणार हे फलकावर लिहावे आणि रुग्णाला निरोप मिळावा. आरोग्य कर्मचाऱ्यांशी भांडण काढायचे नाही. आशाताई आपल्यातलीच आहे, तिच्यावरही कामाचा डोंगर आहे. आपली मागणी तिच्या बाजूची आहे.

दुसरी बाजू आपली. महिन्यातून एका पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. त्या दिवशी वंदनेनंतर अर्धा तास दाब मोजायला द्यावा. मंडळाने वर्गणीतून दंडावर बांधायचे एक चांगले डिजिटल यंत्र घ्यावे, मनगटावरचे नको. महिला मंडळातल्या दोघी आणि बारावी झालेला एखादा मुलगा, एवढ्यांना आरोग्यसेविकेकडून मोजायला शिकवून घ्यावे. पद्धत साधी आहे. आधी अर्धा तास चहा, विडी, मशेरी नको. लघवीला जाऊन यावे. पाच मिनिटे शांत, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसावे. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला, हात टेकलेला. मोजताना बोलायचे नाही. मिनिटभराने पुन्हा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. आकडा १४०/९० किंवा वर आला तर त्या माणसाला केंद्रात पाठवावे. १८०/११०च्या वर आला तर त्याच दिवशी न्यावे, आणि सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा दिसायला अंधुक झाले असेल तर लगेच. मोजणाऱ्याने औषध सांगायचे नाही. गोळी देणे हे डॉक्टरांचे काम.

वहीत आकड्याशेजारी आणखी एक रकाना असावा: गोळी किती दिवसांची शिल्लक आहे. आमच्या मते हा रकाना आकड्यापेक्षा जास्त कामाचा आहे. आठ दिवसांच्या उरल्या असतील तर केंद्रावर जाणाऱ्या कोणीही चार घरांची कार्डे सोबत न्यावीत आणि तिथे विचारून गोळ्या आणाव्यात. दर वेळी चार खाडे करण्यापेक्षा एक खाडा पुरेल. चाकरमान्यांनाही सांगणे आहे: गोळ्यांची पिशवी आणता त्याबद्दल कोणाची तक्रार नाही, पण या मे महिन्यात आईवडिलांना केंद्रावर नेऊन त्यांची नोंद करून द्या. मुंबईचा कागद सोबत न्या. मग तुमच्या येण्यावर त्यांची गोळी अवलंबून राहणार नाही.

तोंड वाकडे झाले तर

एवढे करूनही कधी प्रसंग आला तर वेळ ओळखावी. तोंड एका बाजूला ओढले जाते, एक हात उचलत नाही, बोलणे बोबडे होते किंवा समजत नाही. यातले एकही दिसले तर १०८ला फोन करावा. पक्षाघाताची लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. आपल्या किनाऱ्यावरून ओरोसला, पुढे बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला जायला लागणारा वेळ धरला तर अंगारा, मालिश, शेक यांना एक मिनिटही देता येत नाही. तोंडातून पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नये, घास श्वासनळीत जाऊ शकतो.

काका आता डाव्या हाताने जेवायला शिकले आहेत. त्यांची गोळी रोज रात्री जेवणानंतर असते. शेजारची शाळेत जाणारी मुलगी आठ वाजता ओट्यावरून हाक मारते, "काकानू, गोळी घेतलास?" काका आतून हो म्हणतात. ही हाक आमच्या वाडीत पाच महिने उशिरा सुरू झाली. तुमच्या वाडीत ती आजपासून सुरू व्हावी, एवढ्यासाठी हे लिहिले. जय भीम.